पीआर हिरवा, मेन लाल: मर्ज बॉटच्या हाती द्यायचं का?

पत्राचा सारांश: पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीतल्या टीम लीड लिहितात: आमची चौदा जणांची टीम आहे आणि सगळा कोड गिटहब या ऑनलाइन सेवेवरच्या एकाच खासगी रिपॉझिटरीत, म्हणजे कोडच्या साठ्यात, आहे. दिवसाला पंचवीस-तीस पीआर (पुल रिक्वेस्ट, म्हणजे ‘माझा बदल मुख्य कोडमध्ये घ्या’ अशी विनंती) मर्ज होतात. पूर्वी जो तो आपापला पीआर मर्ज करायचा आणि मेन ब्रांच, म्हणजे सगळ्यांच्या कोडची मुख्य प्रत, सारखी तुटायची, म्हणून आता सगळे मर्ज मीच हाताने करते. रोज रात्री नऊपर्यंत बसते, तरी आठवड्यातून दोन-तीनदा मेन लाल होतेच, म्हणजे तिच्यावरच्या टेस्ट पडतात. प्रत्येक पीआरवरचा बिल्ड (कोड जुळवून त्यावर टेस्ट चालवणं) मात्र हिरवा, म्हणजे पास, असतो. पूर्ण बिल्डला २४ मिनिटं लागतात. मॅनेजर म्हणतात, ‘सगळं ऑटोमेट करून टाक.’ म्हणून अप्रूव्हल आणि हिरवे चेक दिसले की मर्ज करणारा एक वर्कफ्लो (गिटहबवर आपोआप चालणारी कामांची यादी) मी लिहिला. पण या बॉटने मर्ज केलं की डिप्लॉयचा, म्हणजे नवा कोड सर्व्हरवर चढवण्याचा, बिल्ड सुरूच होत नाही. मी हाताने केलं की होतो. रात्री दोनचा बिल्ड सकाळी साडेसातला चालतो, ते वेगळंच. आमचे एक ज्येष्ठ सहकारी ठामपणे म्हणतात की माणसाने बघितल्याशिवाय मेनमध्ये काही जाता कामा नये. सगळं बॉटवर सोपवू, की हातानेच चालू ठेवू?

उत्तर:

नमस्कार. आधी बॉटचं कोडं सोडवू, कारण ते लवकर सुटणारं आहे.

तुमचा बॉट बहुधा वर्कफ्लोला आपोआप मिळणाऱ्या गिटहब_टोकनने, म्हणजे परवानगीच्या तात्पुरत्या किल्लीने, मर्ज करतो. या टोकनने केलेल्या पुशमुळे (बदल गिटहबवर चढवण्यामुळे) किंवा मर्जमुळे नवा वर्कफ्लो सुरू होत नाही, असा गिटहबचा नियमच आहे. हा नियम नसता तर एका वर्कफ्लोच्या पुशने दुसरा सुरू झाला असता, दुसऱ्याच्या पुशने परत पहिला, आणि हे थांबलंच नसतं. अपवाद दोनच: वर्कफ्लो_डिस्पॅच आणि रिपॉझिटरी_डिस्पॅच, म्हणजे वर्कफ्लो मुद्दाम सुरू करण्याचे दोन मार्ग. त्यामुळे मर्जनंतर बॉटनेच डिप्लॉयचा वर्कफ्लो डिस्पॅच करणं हा एक मार्ग झाला. त्याहून स्वच्छ मार्ग म्हणजे कंपनीच्या नावावर एक गिटहब ॲप (कुणा माणसाच्या खात्याऐवजी स्वतःच्या ओळखीने काम करणारं) बनवायचं, त्याला कंटेंट्स आणि पुल रिक्वेस्ट्स एवढ्यांवरच लिहिण्याची परवानगी द्यायची, आणि वर्कफ्लोच्या सुरुवातीला त्या ॲपचं इन्स्टॉलेशन टोकन काढून त्याने मर्ज करायचं. ते टोकन तासाभराने आपोआप बाद होतं. बरेच जण घाईघाईत स्वतःचं पर्सनल ॲक्सेस टोकन टाकून मोकळे होतात. ते चालतं, पण त्या माणसाने नोकरी सोडली की पाइपलाइन बंद पडते आणि का बंद पडली हे शोधण्यात दिवस जातो. ते करू नका.

पण इथे थांबा. टोकन बदललंत, बॉट धावायला लागला, तरी तुमची मेन आजच्याइतकीच लाल होत राहील. किंबहुना जास्त, कारण आज निदान तुम्ही मध्ये आहात.

तुमच्या पत्रात असं गृहीत धरलंय की पीआर हिरवा म्हणजे तो मर्ज करायला सुरक्षित. आणि त्यावरून असं, की उरलेला त्रास फक्त हाताने काम करण्याचा आहे. पीआरवरचा हिरवा चेक नेमकं काय सांगतो ते जरा जवळून बघू. पुल_रिक्वेस्ट इव्हेंटवर (पीआर उघडला किंवा बदलला या घटनेवर) बिल्ड चालतो तेव्हा गिटहब तुमची ब्रांच आणि त्या घडीची मेन यांचा तात्पुरता मर्ज करून त्यावर टेस्ट चालवतं. सकाळी अकराला बिल्ड हिरवा झाला, तर तो अकराच्या मेनबद्दल खरं बोलतोय. संध्याकाळी सहापर्यंत मेनमध्ये आणखी पंधरा पीआर गेले तरी तो चेक हिरवाच दिसतो. मेन पुढे सरकली म्हणून जुना बिल्ड आपोआप परत चालत नाही.

असं समजा, एका पीआरमध्ये कुणीतरी शुल्क मोजणारं फंक्शन बदललं. आधी ते रुपये घ्यायचं, आता पैसे घेतं. त्या माणसाने सगळ्या जुन्या ठिकाणी शंभराने गुणून दिलं, टेस्ट सुधारल्या, बिल्ड हिरवा. त्याच दुपारी दुसऱ्या कुणीतरी, वेगळ्याच फाइलमध्ये, त्या फंक्शनला रुपये देणारी एक नवी ओळ लिहिली. त्याचाही बिल्ड हिरवा, कारण त्याच्या मेनमध्ये फंक्शन अजून रुपयेच घेत होतं. दोघांच्या ओळी एकमेकींना लागत नाहीत, म्हणून गिटला (कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनाला) कॉन्फ्लिक्ट, म्हणजे बदलांची टक्कर, दिसत नाही. कंपायलरही काही बोलणार नाही, दोन्ही आकडेच आहेत. दोन्ही मर्ज झाले की मेन चुकीची. रात्री नऊला हे दोन पीआर तुमच्यासमोर शेजारी शेजारी आले तरी डोळ्यांनी पकडणं जवळपास अशक्य आहे. तेव्हा मेन तुमच्या थकव्यामुळे लाल होते, हे आधी मनातून काढून टाका.

म्हणजे प्रश्न ‘मर्ज कोण करणार’ हा नसून ‘मर्ज झाल्यावर जी मेन तयार होईल, ती आधी कुणी तपासली का’ हा आहे.

याचं सर्वात सोपं उत्तर गिटहबमध्ये एका टिकमार्कवर मिळतं: मर्जआधी ब्रांच मेनबरोबर अद्ययावत असलीच पाहिजे, हा ब्रांच प्रोटेक्शनचा (मेनच्या संरक्षणाच्या सेटिंगचा) नियम. तीन-चार जणांच्या टीमला मी हाच सुचवतो. तुम्हाला तो पुरणार नाही, आणि त्याचं गणित साधं आहे. या नियमात दोन मर्जच्या मध्ये एक पूर्ण बिल्ड लागतो. आठ तासांची ४८० मिनिटं, भागिले २४, म्हणजे एकही अडचण न येता दिवसाला २० मर्ज. तुमचे पंचवीस-तीस आहेत. शिवाय एक पीआर गेला की उरलेले सगळे मागे पडतात, सगळे ‘अपडेट ब्रांच’ दाबतात, दहा बिल्ड सुरू होतात आणि त्यातला एकच कामी येतो.

तुमच्या आकाराच्या टीमला मर्ज क्यू, म्हणजे मर्जची रांग, लागते. कल्पना नवी नाही. रस्ट भाषेच्या प्रकल्पासाठी ग्रेडन होर यांनी बॉर्स नावाचा बॉट लिहिला, तो याच तत्त्वावर: मर्जचा निकाल आधी बाजूला तयार करायचा, त्यावर टेस्ट चालवायच्या, आणि पास झाला तर नेमका तोच मेन करायचा. ओपनस्टॅक या क्लाउड प्रकल्पातल्या झूल या साधनाने त्याला वेग दिला. रांगेत अ, ब, क असे तीन पीआर असतील तर तीन बिल्ड एकदमच सुरू होतात: मेनवर अ, मेनवर अ आणि ब, मेनवर अ, ब आणि क. सगळे पास झाले तर २४ मिनिटांत तीन मर्ज. अ फेल झाला तर तो बाहेर पडतो आणि ब, क त्याच्याशिवाय नव्याने तपासले जातात.

गिटहबची स्वतःची मर्ज क्यू जुलै २०२३ मध्ये अधिकृतपणे आली, पण खासगी रिपॉझिटरीला ती एंटरप्राइझ क्लाउड प्लॅनवरच मिळते. तुमचा प्लॅन कोणता ते मॅनेजरना आजच विचारा, पुढचं सगळं त्यावर ठरेल. गिटलॅब वापरणाऱ्या वाचकांना हीच सोय प्रीमियममध्ये मर्ज ट्रेन या नावाने मिळते.

प्लॅन असेल तर सुरुवातीला बिल्ड कॉन्करन्सी (रांगेत एकाच वेळी चालणारे बिल्ड) ३ ठेवा, गटात कमीत कमी १ आणि जास्तीत जास्त ५ पीआर, आणि चेकची कालमर्यादा ४५ मिनिटं. रांगेतल्या प्रत्येक पीआरने चेक पास केलाच पाहिजे, हा पर्याय चालू ठेवा. तो बंद असेल तर मधला फेल झालेला पीआर शेवटच्याच्या आडून आत जाऊ शकतो. कॉन्करन्सी पहिल्याच दिवशी दहावर नेऊ नका. पुढचा एक पीआर पडला की मागचे सगळे बिल्ड वाया जातात आणि रनरच्या (बिल्ड चालवणाऱ्या मशीनच्या) मिनिटांचं बिल त्या महिन्यातच दिसतं.

क्यू चालू करताना दोन ठिकाणी हमखास घसरायला होतं. पहिलं, रांगेतला बिल्ड पुल_रिक्वेस्टने सुरू होत नाही, मर्ज_ग्रुप या वेगळ्या इव्हेंटने होतो. वर्कफ्लोच्या ‘ऑन’खाली (वर्कफ्लो कधी सुरू व्हावा हे सांगणाऱ्या भागात) तो लिहिला नाही तर पीआर रांगेत जातो, न येणाऱ्या चेकची वाट बघतो आणि कालमर्यादा संपली की बाहेर फेकला जातो. हे निदान दिसतं तरी. दुसरं दिसत नाही. जुन्या वर्कफ्लोमध्ये बऱ्याच जॉबवर (वर्कफ्लोमधल्या एकेका कामावर) ‘इव्हेंट पुल_रिक्वेस्ट असेल तरच चालव’ अशी अट असते. मर्ज_ग्रुपमध्ये तो जॉब वगळला जातो, आणि गिटहब वगळलेल्या जॉबला पास समजतं. रांग हिरवीगार, आणि आत एकही टेस्ट चाललेली नाही. म्हणून चालू करण्याआधी जाणूनबुजून एक फेल होणारा पीआर रांगेत टाका. तो बाहेर फेकला गेला तरच रांग खरी.

एंटरप्राइझ प्लॅन नसेल तर मर्जिफायसारखी मर्जची रांग चालवणारी सेवा घ्या किंवा बॉर्सची छोटी आवृत्ती स्वतः बनवा. तुम्ही बॉट लिहिलाच आहे, त्यामुळे दुसरं तुमच्या आवाक्यातलं आहे. एका वेळी एकच रन चालेल असा वर्कफ्लो ठेवा. ‘मर्ज-तयार’ लेबल असलेले सर्वात जुने तीन पीआर उचलायचे, मेनवरून एक तात्पुरती ब्रांच काढायची, तिच्यात ते क्रमाने मर्ज करायचे, ब्रांच पुश करून बिल्डची वाट बघायची. हिरवा झाला तर मेनला त्याच कमिटवर (साठवलेल्या बदलावर) फास्ट-फॉरवर्ड करायचं, म्हणजे नवा मर्ज न करता थेट पुढे न्यायचं. लाल झाला तर तेच तीन एकेक करून तपासायचे, आणि जो पडेल त्याचं लेबल काढून खाली कॉमेंट टाकायची. मेनवर पुश करण्याचा हक्क फक्त ॲपला द्या आणि फोर्स पुश (मेनमधलं आधीचं पुसून जबरदस्तीने केलेला पुश) कधीही वापरू नका. मध्ये कुणी मेन हलवली असेल तर पुश नाकारला जातो, आणि तो नाकारला जाणंच योग्य आहे. नव्याने सुरू करा. तात्पुरत्या ब्रांचवरचा पुशसुद्धा ॲपच्याच टोकनने करा, नाहीतर वरचंच कोडं परत पडेल. आणि मर्ज कमिट ठेवा: पीआरचा शेवटचा कमिट जसाच्या तसा मेनमध्ये आला तर गिटहब पीआर मर्ज झाल्याचं स्वतः ओळखतं, स्क्वॉश केलंत (सगळे कमिट एका नव्या कमिटमध्ये दाबलेत) तर तो उघडाच राहतो आणि बॉटला बंद करावा लागतो.

आता बिल्ड सुरू होण्याबद्दल. तुमचे २४ मिनिटं कुठे जातात ते पत्रात नाही, पण ‘ऑन’खाली पुश आणि पुल_रिक्वेस्ट दोन्ही कोणत्याही अटीशिवाय लिहिलेले असतील तर पीआरवरच्या प्रत्येक पुशला दोन बिल्ड चालतात. पुश फक्त मेनपुरता ठेवा. पीआरवर नवा कमिट आला की जुना बिल्ड रद्द व्हावा, यासाठी कॉन्करन्सी गटात पीआरचा क्रमांक घाला आणि कॅन्सल-इन-प्रोग्रेस चालू करा. डिप्लॉयवर मात्र ते कधीही चालू करू नका, अर्धवट डिप्लॉय निस्तरणं फार महागात पडतं. तिथेही एक लक्षात ठेवा: मूळ सेटिंगमध्ये एका गटात एक चालू आणि एकच वाट बघणारा रन राहतो, तिसरा आला की वाट बघणारा रद्द होतो. ताजी मेन डिप्लॉय करायची असेल तर हे चालतं. प्रत्येक कमिटचं वेगळं पॅकेज बनवायचं असेल तर मधली पॅकेजेस गायब होतील.

पुष्कळ टीम मिनिटं वाचवायला वर्कफ्लोवरच पाथ फिल्टर लावतात: फक्त दस्तऐवज बदलले तर बिल्ड नको. मग वर्कफ्लो सुरूच होत नाही, आणि त्याचा चेक बंधनकारक असेल तर तो ‘पेंडिंग’वर अडकतो आणि पीआर कधीच मर्ज होत नाही. त्याऐवजी वर्कफ्लो नेहमी सुरू होऊ द्या. पहिल्या जॉबने कोणत्या फाइली बदलल्या ते शोधावं, पुढच्या जॉबवर त्याप्रमाणे अट असावी, आणि सर्वात शेवटी ‘गेट’ नावाचा एक जॉब असावा जो या सगळ्यांवर अवलंबून आहे. बंधनकारक चेक म्हणून फक्त गेटचं नाव द्या. गेटवर ‘ऑलवेज’ ही अट हवीच, आणि आत प्रत्येक जॉबचा निकाल वाचून एकही फेल किंवा रद्द असेल तर गेटने स्वतः फेल व्हायला हवं. ‘ऑलवेज’ विसरलात तर आधीचा जॉब पडल्यावर गेट वगळला जातो, वगळलेला म्हणजे पास, आणि तुटलेला पीआर दिमाखात आत. हे मी पुन्हा सांगतोय कारण ही चूक महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षात येत नाही.

बदललेल्या फाइली शोधायला साधं गिट डिफ पुरतं. फक्त चेकआउट (रनरवर कोड उतरवणारी पायरी) मुळात एकच कमिट आणतं, त्यामुळे पूर्ण इतिहास यावा म्हणून फेच-डेप्थ ० करा. तयार ॲक्शन (दुसऱ्यांनी लिहिलेला वर्कफ्लोचा तुकडा) घेणार असाल तर व्हर्जनच्या टॅगवर विसंबू नका, पूर्ण कमिट हॅश, म्हणजे कमिटचा न बदलणारा ओळख क्रमांक, लिहा. मार्च २०२५ मध्ये ‘टीजे-ॲक्शन्स/चेंज्ड-फाइल्स’ या नेमक्या याच कामाच्या ॲक्शनचे टॅग हल्लेखोरांनी दुष्ट कमिटकडे वळवले आणि ती वापरणाऱ्यांची गुपितं बिल्डच्या लॉगमध्ये छापली जाऊ लागली. ती ॲक्शन २३,००० हून जास्त रिपॉझिटरींत वापरात होती. ज्यांनी आधीचा हॅश लिहून ठेवला होता त्यांच्या बिल्डला टॅग हलल्याने फरक पडला नाही.

रांगेचा खरा शत्रू म्हणजे मधूनच पडणाऱ्या टेस्ट. शंभरातून एकदा विनाकारण पडणारी टेस्ट कुणी मनावर घेत नाही. अशा वीस असल्या तर बिल्ड पास होण्याची शक्यता ०.९९ चा विसावा घात, म्हणजे साधारण ८२ टक्के. दर पाच-सहा बिल्डमागे एक उगाच लाल, आणि रांगेत त्याच्या मागच्या सगळ्यांचीही फेरी वाया. आज तुम्ही ‘री-रन’ दाबून हे झाकता, बॉट दाबणार नाही. अशा टेस्ट वेगळ्या जॉबमध्ये काढा, तो जॉब गेटमध्ये धरू नका, प्रत्येक टेस्टसमोर एका माणसाचं नाव आणि तारीख लिहा. तारखेपर्यंत सुधारली नाही तर ती टेस्ट काढून टाका. हे रांग चालू करण्याआधी करायचं आहे.

रात्रीच्या बिल्डचं उत्तर दोन ओळींचं. क्रॉनची (ठरलेल्या वेळी वर्कफ्लो सुरू करणाऱ्या वेळापत्रकाची) वेळ यूटीसीत, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेत, धरली जाते, म्हणून तुमचा दोनचा बिल्ड भारतात साडेसातला चालतो. तासाच्या ठोक्यावर गर्दीमुळे उशीर होतो म्हणून आडवं मिनिट निवडा: ‘४७ २० * * ०-४’ लिहिलंत तर तो सोमवार ते शुक्रवार पहाटे २:१७ ला चालेल. वार ०-४ आहेत, कारण आपल्याकडे सोमवारची पहाट असते तेव्हा यूटीसीत अजून रविवारच असतो.

राहिले तुमचे ज्येष्ठ सहकारी. त्यांचं म्हणणं मला बरोबर वाटतं. फक्त बघणं आणि बटण दाबणं ही दोन कामं आहेत, आणि तुमच्या टीमने ती एकत्र करून दोन्ही तुमच्या गळ्यात बांधली आहेत. बघणं रिव्ह्यूत व्हावं, क्रम आणि तपासणी रांगेने करावी. त्यासाठी ब्रांच प्रोटेक्शनमध्ये ‘नवा कमिट आला की जुनं अप्रूव्हल बाद’ हे चालू करा. ते नसेल तर अप्रूव्हल मिळाल्यावर कुणी आणखी एक कमिट ढकलला तरी बॉट तो विनातक्रार मर्ज करेल. तुमच्या सहकाऱ्यांची भीती नेमकी हीच असणार, आणि ती खरी आहे.

तुम्ही रोज काही पीआर अडवतही असाल. पुढचे पाच कामाचे दिवस एक करा: अडवलेल्या प्रत्येक पीआरपुढे एका ओळीत कारण लिहा. ‘कॉन्फ्लिक्ट होता’, ‘बिल्ड जुना होता’ ही कारणं रांग स्वतः हाताळेल. ‘मायग्रेशन (डेटाबेसच्या रचनेतला बदल) आधी जायला हवं होतं’, ‘शुक्रवारी संध्याकाळी पेमेंटला हात नको’ ही तुमच्या अनुभवातली आहेत आणि ती बॉटला आपोआप कळणार नाहीत. त्यांचे नियम करा: ‘थांबा’ लेबल असलेला पीआर गेटमध्येच फेल होईल, पेमेंटच्या फोल्डरला कोडओनर्समधून (कोणत्या फाइलींना कुणाची संमती लागते त्या यादीतून) खास रिव्ह्यूअर लागेल. वर्कफ्लोच्या फाइलींनाही कोडओनर नेमा, नाहीतर गेट काढून टाकणारा पीआर एका साध्या अप्रूव्हलवर आत जाईल. लायब्ररींचे आपोआप येणारे पीआर सध्या बॉटच्या मर्जमधून वगळा.

आणि सहकाऱ्यांशी बोलताना वाद घालू नका. गेल्या महिन्यात मेन जितक्यांदा लाल झाली त्या प्रत्येक वेळेचा कमिट काढा आणि त्यांच्याबरोबर बसून बघा की त्यातलं काय पीआर वाचून पकडता आलं असतं आणि काय फक्त दोन पीआर एकत्र चालवूनच. पहिल्या प्रकारातले रिव्ह्यूचे नियम त्यांना ठरवू द्या, मायग्रेशनच्या फोल्डरचं कोडओनर म्हणून त्यांचं नाव टाका, आणि रांग बाजूला ठेवून थेट मर्ज करण्याचा आणीबाणीचा हक्क ज्या दोघांकडे असेल त्यातले एक तेच असू द्या.